दुनळी रायफल : काडतुसाच्या वेगावर बेतलेला नेम

खानदेशात एके काळी वाघांचा वावर मोठा होता. जळगाव जिल्ह्यातील धरणगाव हे १८२५ मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीचे ठाणे. ती उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम व्याघ्रशिकारीसाठी प्रसिद्ध होता. त्या काळी ठासणीच्या बंदुका वापरात होत्या. पुढे काडतुसे आली आणि मोठ्या शिकारीसाठी दुनळी रायफल पसंत केली जाऊ लागली. जखमी वाघ अंगावर आल्यास दुसरी गोळी तत्काळ झाडता येते, हा तिचा मुख्य लाभ.

मात्र दोन नळ्यांचा नेम एका ठिकाणी आणणे हे अवघड काम. उजवी नळी उडते तेव्हा धक्क्याने रायफल वर व उजवीकडे वळते. डावी उडते तेव्हा वर व डावीकडे. गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वीच ही हालचाल सुरू झालेली असते. म्हणून कारागीर दोन्ही नळ्यांची तोंडे किंचित आतल्या बाजूला झुकवतात. गोळ्या झाडून पाहायच्या, डाख वितळवून तोंडांमधील पाचर सरकवायची, पुन्हा झाडायच्या, असे करत दोन्ही गोळ्या ठरावीक अंतरावर एकत्र आणल्या जातात.

ही जुळणी एकाच काडतुसापुरती खरी असते. गोळी मंद असेल तर ती नळीत अधिक काळ राहते, धक्का अधिक वळवतो आणि दोन्ही गोळ्या एकमेकींपासून दूर जातात. ती वेगवान असेल तर नळी पुरेशी वळण्याआधीच बाहेर पडते आणि दोन्ही मार्ग एकमेकांस छेदतात. जॉन रिग्बी यांच्या १८९८ च्या ‘४५० नायट्रो एक्स्प्रेस’ काडतुसात ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची गोळी असे. वेग सेकंदाला सुमारे २१५० फूट. हे ‘७०–४८०’ आकडे नळीवर कोरलेले आढळतात.

हिंदुस्थानात आणखी एक अडचण होती. कॉर्डाइट तापले की त्याचा दाब व वेग वाढतो. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. इंग्लंडच्या थंड हवेत जुळवलेला नेम येथे बिघडणे स्वाभाविक होते. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी कमी दारूची खास काडतुसे तयार होत. बंडखोरांच्या हाती असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना दारूगोळा मिळू नये म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारने ४५० च्या आयातीवर बंदी घातली. त्यातूनच ‘४६५’, ‘४७०’ अशा नव्या मापांना चालना मिळाली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार गुन्हा ठरली. वारशाने परवान्यावर आलेल्या जुन्या रायफलींबाबत मात्र नियम तोच आहे : केवळ माप जुळणारे काडतूस पुरेसे नाही. नेम चुकण्याची भीती तर असतेच. पण काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत अधिक दाबाचे काडतूस उडवल्यास नळी फुटून चालवणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. नळीवरील आकडे जाणकार कारागिराकडून वाचून घेणे, हे पहिले पाऊल होय.