ताम्रच्युती : निरीक्षण आणि अन्वयार्थ

लोवेल वेधशाळेत १९१२ पासून स्लायफर यांनी सर्पिल तेजोमेघांचे वर्णपट मोजले. बहुतेकांच्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या, म्हणजेच प्रकाशाची कंप्रता घटलेली आढळली. या ताम्रच्युतीचे कारण मात्र वादाचा विषय ठरले. लमेत्र यांनी १९२७ मध्ये अवकाशाचे प्रसरण, तर झ्विकी यांनी १९२९ मध्ये प्रकाशाचा प्रवासातील ऊर्जाक्षय हे कारण मानले. पुढे १९६५ मध्ये पेंझियास व विल्सन यांनी पार्श्वभूमी प्रारणाचा शोध जाहीर केला. विश्वारंभानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मुक्त झालेल्या या प्रारणाची कंप्रता आज मूळच्या सुमारे १,१०० व्या भागाइतकीच उरली आहे. कोबे उपग्रहाच्या १९९० मधील मापनांत त्याचा वर्णपट कृष्णिकेच्या वर्णपटाशी तंतोतंत जुळला. केवळ ऊर्जाक्षयाने तो तसा टिकला नसता. तात्पर्य, निरीक्षणाला निर्णायक अर्थ लाभण्यास पाऊणशे वर्षे लागली.