बालगंधर्व आणि त्यांचा रसिक : एका निष्ठेचा उतारवयापर्यंतचा प्रवास (थ्रेड)

१/ एप्रिल २००३. १९६२ पासून गाणारा ‘रोलिंग स्टोन्स’ हा रॉक बँड मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर उतरला, तेव्हा मिक जॅगर एकोणसाठ वर्षांचे होते. थकत चाललेल्या आवडत्या कलावंताकडे चाहत्याने कसे पाहावे? महाराष्ट्राला हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी पडला होता. तो पडला बालगंधर्वांच्या निमित्ताने.

२/ नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरीही ते भामिनीच्या वेषात रंगमंचावर उभे राहिले. रसिकाच्या भक्तीची पाळेमुळे अशा प्रसंगांत आहेत.

३/ १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी (१९१६) आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू (१९१९) यांनी मराठी मन व्यापले. साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी. त्यांच्या साडीची नेसण आणि केसांतील गजरा घरोघरच्या स्त्रिया उचलू लागल्या.

४/ वैजापूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इथल्या शौकिनाला नाशिक-मुंबईचे नाटक गाठायचे तर रोटेगावला मीटरगेजची गाडी धरायची, मनमाडला उतरायचे आणि तिथून पुढची गाडी पकडायची. ज्याला हे जमत नसे, त्याच्यासाठी ग्रामोफोनची तबकडी होती. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत रंगत जाणारे पद त्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांत संपे.

५/ या फरकाला पुढे फार महत्त्व आले. तबकडीवरचा आवाज वयाने थकत नाही. रंगमंचावरचा देह मात्र दर वर्षी बदलतो.

६/ १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’. बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला. १९२९ पासून हिराबाई बडोदेकर आपल्या नाटक मंडळीतून स्त्रीभूमिका करू लागल्या होत्या. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने नाटकाची चालच बदलली. पुरुषाने स्त्री होण्याची गरज संपत आली, तेव्हा बालगंधर्व पंचेचाळिशीत होते आणि मंडळी कर्जात होती.

७/ १९३५ मध्ये ते ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त दिसले, तेही पैठणच्या संत एकनाथांच्या भूमिकेत. संभाजीनगर जिल्ह्याला घरच्याच असलेल्या या संताच्या रूपात त्यांना पाहताना रुक्मिणीवर लुब्ध झालेला प्रेक्षक मात्र अवघडला. स्त्रीवेष शोभत नाही आणि पुरुषवेष पाहवत नाही, अशा पेचात रसिकानेच त्यांना उभे केले होते.

८/ ते पुन्हा रंगमंचाकडे वळले. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. गंधर्वगायकी त्यांनी आत्मसात केली होती आणि त्या नायिकेच्या भूमिका करू लागल्या. अनेक जुन्या रसिकांचा रोष मात्र त्यांच्यावर ओढवला. वय, कर्ज आणि बोलपट यांनी केलेल्या पडझडीचे खापर एका स्त्रीच्या माथी फुटले.

९/ रसिकाच्या निष्ठेची ही काळी बाजू आहे. आपले दैवत म्हातारे होते आहे हे मान्य करण्यापेक्षा कुणाला तरी दोषी ठरवणे सोपे असते. पुढे बालगंधर्वांचे पाय निकामी झाले, तेव्हा त्यांची शुश्रूषा केली ती गोहरबाईंनीच, १९६४ मधील स्वतःच्या मृत्यूपर्यंत.

१०/ उत्तरकाळात बैठकीत बसून ते भजने आणि नाट्यपदे गात. आता वेष नव्हता आणि रुक्मिणीही नव्हती. ज्यांचे प्रेम केवळ रूपावर होते ते दुरावले. ज्यांचे सुरांवर होते ते डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांच्यासाठी काही हरवले असेलच, तर ते त्यांचे स्वतःचे तारुण्य होते.

११/ १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिर खुले झाले. हा सन्मान उभा राहिलेला पाहायला ते नव्हते. त्यांच्या पडत्या काळात मंडळीचे कर्ज आणि स्वतःचे आजारपण त्यांना मूठभर माणसांच्या सोबतीनेच सोसावे लागले होते.

१२/ आजही ती तीन मिनिटांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. ती ऐकताना एवढे लक्षात ठेवावे : हा आवाज तरुण राहिला तो तबकडीमुळे. तो ज्या कंठातून आला, तो माणूस पुढे अनेक वर्षे जगला, थकला आणि तरीही गात राहिला. (समाप्त)