कंबरेच्या गोळीचा इतिहास

मनवेलपाड्यातल्या आणि आजूबाजूच्या पाड्यांतल्या बचत गटांसाठी आज एका गोळीचा इतिहास सांगायचा आहे. कंबर धरली, मान आखडली, पाठीत उसण भरली, की डॉक्टर कधी कधी दुखण्याच्या गोळीबरोबर स्नायू सैल करणारी गोळी देतात. भाताच्या लावणीत दिवसभर वाकणाऱ्या बाईला ती माहीत असते, आणि भाजीची पाटी घेऊन विरारची लोकल पकडणारीलाही. दुसऱ्या वेळी मात्र डॉक्टरकडे कोण जाणार? मेडिकलमध्ये जाऊन "ती मागची कंबरेची गोळी द्या" असं सांगितलं जातं. ही गोळी चिठ्ठीशिवाय का घेऊ नये, याचं उत्तर तिच्या इतिहासात आहे.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, दुसरं महायुद्ध संपता संपता. फ्रँक बर्गर नावाचे संशोधक हिटलरच्या तावडीतून सुटून इंग्लंडला आले होते. पेनिसिलीन तेव्हा नवं होतं आणि ते लवकर खराब व्हायचं. ते टिकवण्यासाठी बर्गर वेगवेगळी रसायनं तपासत होते. त्यातलं एक त्यांनी उंदरांना टोचलं, तर उंदीर जागे राहिले, पण त्यांचं अंग एकदम ढिलं पडलं. १९४६ साली त्यांनी हा शोध छापला. त्या औषधाचं नाव मेफेनेसिन.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ही औषधं दुखऱ्या कंबरेत जाऊन तिथला स्नायू सोडवत नाहीत. त्यांचं मुख्य काम मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत चालतं. म्हणूनच गोळी घेतल्यावर डोळ्यांवर झापड येते, गरगरतं, तोल जातो.

मेफेनेसिनचा असर फार थोडा वेळ टिकायचा. म्हणून बर्गर यांनी अमेरिकेत जाऊन मेप्रोबामेट तयार केलं. १९५५ मध्ये ते मिलटाउन या नावाने बाजारात आलं. मन शांत करणारी, निर्धोक गोळी म्हणून त्याचा एवढा गाजावाजा झाला, की दुकानांवर 'मिलटाउन संपलं' अशा पाट्या लागू लागल्या. काही वर्षांनी कळलं, की त्याची सवय लागते आणि एकदम बंद केलं तर झटकेही येऊ शकतात.

तोवर त्याचंच भावंड दुकानात आलं होतं: १९५९ सालचं कॅरिसोप्रोडॉल, खास आखडलेल्या स्नायूंसाठी. पण पोटात गेल्यावर यकृत त्याचं काय करतं? त्याच्या काही भागाचं मेप्रोबामेट बनवतं! म्हणजे नाव नवं, पण सवयीचा धोका जुनाच. हे ओळखून कायदा बदलायला मात्र जवळजवळ पन्नास वर्षं लागली. २००७ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने हे औषध बाजारातून थांबवायला सांगितलं. २०१२ मध्ये अमेरिकेने त्याला कडक नियंत्रणाच्या यादीत टाकलं. आपल्याकडे ते आजही मिळतं, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं, असा नियम आहे.

हा इतिहास दूरदेशीचा वाटेल, पण त्याचं ताजं पान आपल्याच पालघर जिल्ह्यातलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने एक तपास प्रसिद्ध केला. कॅरिसोप्रोडॉल आणि टॅपेंटाडॉल हे अफूच्या गटासारखं काम करणारं वेदनाशामक, यांचं मिश्रण असलेल्या गोळ्या भारतातून पश्चिम आफ्रिकेत जात होत्या, आणि तिथली तरुण मुलं त्या नशेसाठी घेत होती. दोन्ही औषधं भारतात वेगवेगळी मंजूर आहेत, पण त्यांचं मिश्रण मंजूर नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो, जीव जाऊ शकतो. केंद्र आणि राज्याच्या औषध प्रशासनाने एव्हिओ फार्मास्युटिकल्स या कंपनीची तपासणी केली, सुमारे १ कोटी ३० लाख गोळ्या-कॅप्सूल जप्त केल्या आणि उत्पादन थांबवायचा आदेश दिला. या मिश्रणाची निर्यात आणि उत्पादनाच्या परवानग्या मागे घेण्याचे आदेशही निघाले.

यावरून प्रत्येक कंबरेची गोळी विष आहे, असं समजू नका. योग्य माणसाला, योग्य मात्रेत, थोडे दिवस दिली तर तिचा उपयोग होतो. पण प्रत्येक गोळीची मर्यादा वेगळी असते. कॅरिसोप्रोडॉल दोन-तीन आठवड्यांपलीकडे घ्यायचं नसतं. थायोकोल्चिकोसाइड हे औषध आपल्याकडे वेदनाशामकाबरोबर एकाच गोळीत खूप दिलं जातं. युरोपच्या औषध संस्थेने ते तोंडाने जास्तीत जास्त सात दिवस घ्यावं असं ठरवलं आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने ते घेऊ नये, आणि मूल राहण्याची शक्यता असलेल्या बाईने गर्भनिरोधक वापरत नसल्यास घेऊ नये, असंही त्यांचं सांगणं आहे. म्हणून पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, लाजू नका.

आणखी काही गोष्टी गटात वाचून ठेवा. पाकिटावर उभी लाल रेघ आणि आरएक्स ही अक्षरं असतील तर ते औषध चिठ्ठीचं. शेजारणीची गोळी घेऊ नका, आपली देऊ नका. किती दिवस घ्यायची, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. झोपेची गोळी, फिटचं औषध, दारू किंवा ताडी यांच्याबरोबर ती घेतली तर गुंगी वाढते. गोळी घेतल्यावर स्कूटर, कोयता, विहिरीचा काठ यांपासून लांब राहा. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. सवय लागल्याची शंका असेल तर १४४४६ या सरकारी नंबरवर मोफत सल्ला मिळतो.

पाय बधिर पडले, लघवी-संडासवरचा ताबा गेला, ताप आला किंवा पडल्यानंतर कंबर दुखू लागली, तर गोळीवर वेळ घालवू नका, लगेच दवाखाना गाठा. गोळी घेतल्यावर कोणी उठवूनही उठत नसेल किंवा श्वास मंद झाला असेल, तर १०८ ला फोन करा आणि पाकीट बरोबर न्या.

बर्गर यांच्या उंदरांपासून पालघरच्या जप्तीपर्यंत जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. प्रत्येक नवी गोळी आधी निर्धोक म्हणून आली आणि तिचा धोका मागाहून, माणसांच्या जिवावर कळला. चिठ्ठीवरचं 'इतकेच दिवस' हे त्यातूनच शिकलेलं शहाणपण आहे. ते फुकट मिळतंय, वापरा.