चुलीजवळ लपवलेले पान

घरच्या कर्त्या स्त्रीला लिहिण्यास वेळ केव्हा मिळतो, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासात सहसा कोणी विचारीत नाही. ग्रंथ केव्हा प्रसिद्ध झाला, त्यास प्रस्तावना कोणाची लाभली, याची नोंद होते. परंतु तो लिहिला जात असता चुलीवरचा भात कोण पाहत होते आणि तान्हे मूल कोणाच्या कडेवर होते, याची होत नाही. बंगालमधील राससुंदरी देवी यांनी मात्र ही नोंद स्वतःच्या हाताने करून ठेवली आहे. म्हणूनच त्यांचे ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र शंभरांहून अधिक वर्षांनंतरही ताजे वाटते.

राससुंदरींचा जन्म 1809 च्या सुमारास पाबना जिल्ह्यातील पोताजिया या गावी झाला. बाराव्या वर्षी लग्न होऊन त्या फरीदपूरकडील रामदिया येथे सासरी आल्या. हा सारा प्रदेश आज बांगलादेशात आहे. लहानपणी माहेरी भरणाऱ्या शाळेत त्यांना मुलांजवळ बसवून ठेवीत. शिकविले कोणी नाही; पण अक्षरे कानांवर पडली, तीच पुढे उपयोगी आली. सासर खाऊनपिऊन सुखी होते, नोकरचाकरही होते. पण ते बाहेरच्या कामाचे. सासूची दृष्टी गेल्यावर देवाच्या नैवेद्यापासून दोन्ही वेळच्या पंक्तींपर्यंतचा सगळा भार या कोवळ्या सुनेवर आला. अठराव्या वर्षी पहिले मूल झाले आणि एकेचाळिसाव्या वर्षी शेवटचे. एकंदर बारा मुले. त्यांतील सात त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

एका प्रसंगी सलग दोन दिवस त्यांच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. अन्न नव्हते असे नव्हे. ताटावर बसावे तो पाहुणा यावा, पुन्हा बसावे तो मूल जागे व्हावे, असे चालले होते. घरात मात्र याची कोणास वार्ता नव्हती. बाईमाणूस जेवले की नाही हे विचारण्याची रीतच नव्हती, आणि आपण होऊन सांगावे तर लाज वाटे. या लाजेची पराकाष्ठा अशी की, यजमानांचा घोडा अंगणातले धान्य खाऊ लागला तरी त्यास हाकलण्यास त्या पुढे होईनात. घोडा झाला तरी तो पतीचा! त्याच्या दृष्टीस कसे पडावे? हा प्रसंग त्यांनी पुढे थट्टेने लिहिला आहे. थट्टा करण्याइतके अंतर पडण्यास आयुष्य जावे लागले, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.

अशा घरात, वयाच्या पंचविशीच्या आसपास, त्यांना वाचण्याची ओढ लागली. बाई शिकली तर घराचा सत्यानाश होतो, असे म्हणणारे वडीलधारे सभोवती होते. एके दिवशी पतीने ‘चैतन्य भागवता’ची पोथी स्वयंपाकघरात ठेवली. राससुंदरींनी तिचे एक पान हळूच सोडवून घेतले व लपवून ठेवले. थोरला मुलगा बिपिन तेव्हा आठ वर्षांचा असून ताडपत्रावर अक्षरे गिरवीत असे. त्याचेही एक पान त्यांनी उचलले. मग लेकराच्या ओबडधोबड अक्षराशी पोथीतले अक्षर आणि दोहोंशी लहानपणी कानी पडलेला उच्चार, असे जुळवीत बसणे सुरू झाले. बसणे हा शब्द येथे खरा नव्हे. उजवा हात स्वयंपाकात, डाव्या हातात पान, आणि पदराच्या आडून त्याकडे क्षणभर नजर, एवढीच ती शाळा.

वाचता आले, तरी लिहिणे राहिलेच. वाचन चोरून करता येते; लेखनास कागद, दौत, टाक आणि निवांत जागा लागते, आणि ती लपविणे अवघड. कित्येक वर्षांनी कलकत्त्यास शिकत असलेला मुलगा किशोरीलाल याने, आईचे उत्तर येत नाही म्हणून हट्ट धरला आणि लेखनाचे साहित्य तिच्या स्वाधीन केले. पुढे दुसऱ्या मुलाकडे काही काळ राहण्याचा योग आला. तेथे घरकाम थोडे होते, म्हणून हात वळला. बंगालीतील पहिले आत्मचरित्र म्हणून ज्याचा गौरव होतो, ते असे सांडलेल्या वेळातून जमले. पुढे ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर यांनी त्यास प्रस्तावना लिहिली.

मुलांनी आईचा दिवस खाल्ला आणि मुलांमुळेच तिच्या हाती लेखणी आली, ही गोष्ट एकट्या बंगालची नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी पोटच्या मुलाबरोबर कितीतरी निराधार लेकरे वाढविली. वडिलांच्या चरित्रासाठी मुलगा देवदत्त याने आठवणी मागितल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ सिद्ध झाली आणि 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. तिच्यातील प्रसंग लहान, बोलके आणि चटकन संपणारे आहेत. समीक्षक त्यास शैली म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या बाईला मध्येच कोणीतरी हाक मारणार हे ठाऊक असते, तिचे सांगणे असेच असते, हेही विसरता येत नाही.

खानदेशातील बहिणाबाई चौधरींपाशी तर अक्षरही नव्हते. तरुणपणीच वैधव्य आले, मुले पदरात आणि शेतीचे कष्ट. ओव्या सुचत त्या जात्यावर आणि शेतात. मुलगा सोपानदेव व त्याचे मावसबंधू यांनी त्या ऐकून वहीत उतरविल्या. 1951 साली बहिणाबाई वारल्या. ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. वहीत उतरल्या तेवढ्या राहिल्या. ज्या वेळी मुलगा जवळ नव्हता, त्या वेळच्या ओव्या पिठाबरोबर डब्यात गेल्या.