झाडीतून टोरांटोला, आणि परत?

सप्टेंबर २०२३मध्ये कॅनडातल्या टोरांटो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘स्थळ’ हा मराठी चित्रपट दाखवला गेला. दिग्दर्शक जयंत सोमलकर. चित्रीकरण चंद्रपूर जिल्ह्यात, कलाकार बहुतेक स्थानिक आणि कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभे राहिलेले. कापूस पिकवणारा बाप, शिकू पाहणारी सविता आणि तिला ‘पाहायला’ येणारी एकामागून एक स्थळं, एवढीच गोष्ट. तिथे या चित्रपटाला ‘नेटपॅक’ पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात तो चित्रपटगृहांत लागला ७ मार्च २०२५ला, म्हणजे जवळजवळ दीड वर्षाने.

बल्लारपुरात किंवा मूलमध्ये राहणाऱ्या कुणालाही ही गोष्ट शोधावी लागणार नव्हती. पोहे, चहा, सतरंजी, मान खाली घालून बसलेली मुलगी आणि तेच ते प्रश्न, हे सगळं शेजारच्या घरात घडत असतं. मग टोरांटोने नेमका कशाचा शोध लावला? आणि आपल्याच जिल्ह्यातला चित्रपट आपल्याला परदेशातून का कळतो? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

व्हेनिसचा शिक्का

१९५१मध्ये अकिरा कुरोसावाचा ‘राशोमोन’ व्हेनिस महोत्सवात गेला, तो जपानी स्टुडिओच्या उत्साहामुळे नव्हे. जपानमध्ये राहणाऱ्या जुलियाना स्त्रामिजोली या इटालियन बाईंनी त्याची शिफारस केली. स्टुडिओला चित्रपटाची फारशी खात्री नव्हती. ‘राशोमोन’ने सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, जिंकला आणि जगाला जपानी सिनेमा ‘सापडला’. जपानमध्ये तेव्हा दरवर्षी ढिगाने चित्रपट निघत होते. सिनेमा होताच, फक्त कुणीतरी दार उघडायचं राहिलं होतं.

आपलीही कथा वेगळी नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७मध्ये व्हेनिसला गेला आणि गौरवला गेला, हे आजही अभिमानाने सांगितलं जातं. पण त्याआधीच महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला होता. लोकांनी दिलेली दाद पुरत नाही, बाहेरचा शिक्का लागतो, ही सवय तेव्हापासूनची आहे.

मात्र महोत्सवाला नुसतं हिणवून चालणार नाही. २४ जानेवारी १९५२ला भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला. तिथे इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ आपल्या दिग्दर्शकांनी पाहिला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. एका खेळाने एवढा फरक पडू शकतो. तो महोत्सव पुढे मद्रास, दिल्ली आणि कोलकात्यालाही गेला. दिल्ली-मद्रास रेल्वेमार्ग बल्लारशाहवरून जातो, पण महोत्सवाच्या यादीत महानगरंच होती. जगाचा सिनेमा आणि आपण यांच्यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही, ते तिथूनच दिसतं.

आशियाने आशियाला पाहणं

पुढची अनेक वर्षं एक विचित्र व्यवस्था चालू राहिली. इराणी चित्रपट भारतीय माणसाला कळायचा तो कान किंवा व्हेनिसमध्ये गाजला म्हणून. शेजारच्या घराची खबर सातासमुद्रापलीकडून येई. ही व्यवस्था मोडायचे प्रयत्न झाले, त्यातला एक दिल्लीतून झाला. समीक्षक अरुणा वासुदेव यांनी १९८८मध्ये ‘सिनेमाया’ हे आशियाई सिनेमाला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. १९९०मध्ये त्यातूनच आशियाई सिनेमाच्या प्रसारासाठी एक जाळं उभं राहिलं. तेच ‘नेटपॅक’. ‘स्थळ’ला टोरांटोत पुरस्कार देणारी संस्था परकी नव्हती, तिची मुळं आपल्याच देशात होती.

मराठी माणसाचाही यात वाटा आहे. १९६८मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रभात चित्र मंडळा’तून फिल्म सोसायटी चळवळीत आलेले सुधीर नांदगावकर आधी ‘मामी’ महोत्सवाचे संचालक होते. २००२पासून मुंबईत ‘थर्ड आय’ हा आशियाई चित्रपट महोत्सव त्यांच्या पुढाकाराने भरू लागला. त्याच वर्षी पुण्याचा ‘पिफ’ सुरू झाला आणि २००४पासून ‘इफ्फी’ गोव्यात स्थिरावला. मराठी तरुणाला इराण, कोरिया, तैवान पाहायला युरोपकडे डोळे लावायची गरज उरली नाही. पण पुणे, मुंबई किंवा पणजी गाठायची गरज राहिलीच. रेल्वेचं तिकीट, राहण्याची सोय आणि कामावरची रजा, हे सगळं जमलं तर महोत्सव.

भुताखेतांची गोष्ट

महोत्सवांचा आणखी एक जुना भेदभाव होता. भयपट, सूडपट, मारामारी ही गल्ल्यावरची करमणूक, ‘गंभीर’ सिनेमा म्हणजे संथ आणि मितभाषी, असं मानलं जाई. टोरांटोने १९८८मध्ये मध्यरात्रीच्या खेळांसाठी वेगळा विभागच काढला. २००४मध्ये कान महोत्सवात पार्क चान-वूकच्या ‘ओल्डबॉय’ या कोरियन सूडपटाला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा पुरस्कार मिळाला आणि ती भिंत बरीच खचली. २०१९मध्ये बोंग जून-होच्या ‘पॅरासाइट’ने तिथला सर्वोच्च पुरस्कार घेतला. त्यात थरार आहे, विनोद आहे, रक्त आहे आणि गरिबीचा वासही आहे.

२०१८मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने झाली. चित्रपट हिंदी, पण त्याचं बीज आपल्या भागात पडलेलं. १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात फिरायला गेलेले असताना बर्वे यांना एका मित्राने नारायण धारपांची एक कथा सांगितली. ती भीती त्यांच्या डोक्यात राहिली. म्हणजे झाडीतल्या रात्री सांगितलेली भुताची गोष्ट पंचवीस वर्षांनी व्हेनिसला पोचली. १२ ऑक्टोबर २०१८ला चित्रपट इथे लागला, तेव्हा गर्दी मर्यादित होती. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मधल्या वर्षांत प्रेक्षकांनीच एकमेकांना तो सांगितला होता. व्हेनिसचा शिक्का होताच, पण काम केलं ते या सांगण्याने.

आपल्याकडे काय आहे?

कोरियन मालिका आज बल्लारपुरातल्या मोबाइलवरही दिसतात. मग महोत्सव हवाच कशाला? कारण मोबाइलवर सिनेमा मिळतो, सोबत मिळत नाही. तुम्ही निवडला नसता असा चित्रपट समोर येणं, तो अनोळखी माणसांसोबत अंधारात पाहणं आणि बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर त्यावरून भांडणं, हा महोत्सवाचा गाभा आहे. अल्गोरिदम आवडलेलंच पुन्हा वाढतो. महोत्सव कधीकधी न आवडणारंही ताटात टाकतो.

आणि ही सोबत आपल्याला नवी नाही. धान कापून झालं की चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्यात झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडशात नाटक मंडळांची कार्यालयं थाटलेली असतात. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. रडवणं, हसवणं, गाणी, खलनायक सगळं एका रात्रीत. २०२३मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. गावोगावचे लोक मात्र कितीतरी आधीपासून शाल पांघरून, पोरांना मांडीवर घेऊन ती पाहत आले आहेत. मध्यरात्रीचे खेळ टोरांटोने शोधले, असं इथे कुणाला सांगून पाहा.

कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था आहे. सत्तरच्या दशकात पुण्याचे सतीश बहादूर आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्यासारखी माणसं तिथे चित्रपट घेऊन जाऊ लागली. सुपारी पिकवणाऱ्या लोकांनी कुरोसावा, डी सिका आणि राय पाहिले, त्यावर बोलले. ‘हे त्यांना कळेल का?’ ही शंका शहरातली होती. नाटक पाहायची सवय असलेल्या गावाला ती पडली नाही.

झाडीपट्टीकडे तशी सवय हेग्गोडूइतकीच पक्की आहे. प्रेक्षक आहे, जागायची ताकद आहे, मंडप आहे, आता ‘स्थळ’सारखा आपल्या बोलीतला चित्रपटही आहे. ‘स्थळ’ची सुरुवात आठवा: सविताच्या स्वप्नात बायका बसल्या आहेत आणि समोर बसलेल्या मुलाला त्याचं नाव, उंची, शिक्षण विचारताहेत. हा प्रसंग टोरांटोत लोकांना गमतीचा वाटला असेल. वडशाजवळच्या एखाद्या मंडपात, नाटकाच्या आदल्या रात्री तो दाखवला तर पुढच्या रांगेतल्या बायका आधी हसतील, आणि मग कदाचित मागे बसलेल्या पुरुषांकडे वळून बघतील. तो खेळ अजून व्हायचा आहे. त्यासाठी लागतो एक प्रोजेक्टर, हक्कधारकांची परवानगी आणि पुढाकार घेणारी चार पोरं-पोरी.