आइसलँडमधील निदर्शने (एप्रिल २०१६)

आइसलँडमधील २०१६ ची निदर्शने ही पनामा पेपर्स उघड झाल्यानंतर पंतप्रधान सिग्मुंडुर डेव्हिड गुनलॉगसन यांच्या राजीनाम्यासाठी झालेली आंदोलने होत.

ब्रिटिश व्हर्जिन द्वीपसमूहात नोंदवलेल्या 'विंट्रिस' कंपनीत गुनलॉगसन यांचा निम्मा हिस्सा होता. २००९ मध्ये संसदेवर निवडून आल्यावर त्यांनी तो जाहीर केला नाही. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला तो पत्नीला एका डॉलरला विकला. करचुकवेगिरी सिद्ध झाली नाही आणि सर्व कर भरल्याचे दांपत्याने सांगितले. लोकांचा संताप मुख्यतः दुसऱ्याच गोष्टीवर होता. २००८ मध्ये बुडालेल्या बँकांच्या धनकोंमध्ये विंट्रिसही होती, आणि त्याच धनकोंशी त्यांचे सरकार वाटाघाटी करीत होते. बँकबुडीची झळ सोसलेल्या जनतेला हे असह्य झाले.

४ एप्रिल रोजी रेक्याविकमध्ये संसदेसमोरील आउस्टुर्व्होट्लुर चौकात सुमारे १० हजार लोक जमले. आयोजकांचा आकडा २० हजारांहून अधिक होता. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सव्वातीन लाखांच्या वर होती. निदर्शकांनी संसद भवनावर अंडी व केळी फेकली. दुसऱ्याच दिवशी गुनलॉगसन पदावरून दूर होत असल्याचे जाहीर झाले आणि ७ एप्रिलला सिगुर्डुर इंगी योहानसन पंतप्रधान झाले. मुदतपूर्व निवडणूक २९ ऑक्टोबरला झाली. तीत गुनलॉगसन यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या जागा १९ वरून ८ वर आल्या.