नहपानाचे नाणे : वर्ष न कोरलेल्या चांदीची कालनिश्चिती

जुन्या चांदीच्या मोडीत कधीकधी नखाएवढा एक गोल तुकडा निघतो. वजन जेमतेम दोन ग्रॅम, कडा झिजलेली, एका बाजूस राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूस पुसट रेघा. सालाचा आकडा कोठेच दिसत नाही. असे नाणे नेमके कोणत्या काळचे, हे ठरवावयाचे कसे? पश्चिम भारतातील क्षत्रपांची नाणी या प्रश्नाचा उत्तम वस्तुपाठ ठरतात.

क्षत्रपांच्या उत्तरकालीन नाण्यांवर चेहऱ्याच्या मागील बाजूस शकवर्ष कोरण्याची प्रथा होती. मात्र साचा मोठा व चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे अनेकदा तो आकडा नाण्याबाहेरच राहिला. अशा वेळी मागील बाजूचा लेख उपयोगी पडतो. त्यात राजाच्या नावाबरोबर पित्याचे नाव असते आणि दोघांचीही पदवी, क्षत्रप की महाक्षत्रप, सांगितलेली असते. ‘भर्तृदामाचा पुत्र क्षत्रप विश्वसेन’ एवढे वाचता आले की नाणे शक २१५ ते २२६, म्हणजेच इ. स. २९३ ते ३०४ या काळातील ठरते. त्यातही आकड्याचा एखादा भाग शिल्लक असेल तर अधिक चांगले. ब्राह्मी अंकपद्धतीत शतक, दशक व एकक यांसाठी स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे केवळ वीसचे चिन्ह उरले तरी कालावधी शक २२० ते २२६ इतका आक्रसतो.

नहपानाच्या नाण्यांवर मात्र वर्ष मुळातच नाही. ते झिजून गेले असे नव्हे, ते कोरलेच गेले नव्हते. या क्षहरात राजाच्या नाण्याची ओळख म्हणजे मागील बाजूवरील बाण व वज्र. लेख ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी या तीन लिप्यांत आहे. पुढे चष्टनाच्या वंशात बाण-वज्राच्या जागी चैत्य म्हणजे तीन कमानींचा डोंगर आला आणि खरोष्ठी लवकरच लुप्त झाली. म्हणून नाव वाचता आले नाही तरी खरोष्ठीची दोन अक्षरे किंवा बाणाचे टोक दिसले, की नाणे आरंभकाळाचे आहे हे जाणकाराच्या लक्षात येते. चिंचेने घासून लख्ख केलेल्या नाण्यावरून नेमक्या याच खुणा आधी नाहीशा होतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

नहपानाच्या कालनिर्णयात मोलाची भर घातली ती नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या ठेव्याने. त्यात सुमारे १३,२५० चांदीची नाणी होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता : एका बाजूस चैत्य, दुसऱ्या बाजूस उज्जैनी चिन्ह. नहपानाचा चेहरा त्याखाली अर्धवट डोकावतो. म्हणजे नहपानाचे चलन बाजारात असतानाच सातवाहनांनी त्याचा प्रदेश जिंकला. नाशिकच्या लेण्यातील गौतमीपुत्राच्या १८ व्या राज्यवर्षाच्या लेखात, पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत दान दिल्याचा उल्लेख आहे. उषवदात हा नहपानाचा जावई. ठेवा व लेख एकमेकांस असे दुजोरा देतात.

उषवदाताच्या नाशिक येथील लेखांत ४१, ४२ व ४५ ही वर्षे येतात, तर जुन्नरच्या अमात्य अयमाच्या लेखात ४६. याच लेखांत सत्तर हजार कार्षापणांचे दोन हजार सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापण असा हिशेबही आढळतो. पण ही वर्षे कोणत्या गणनेची? शककाल मानला तर ती इ. स. ११९ ते १२४ अशी येतात. ती राज्यवर्षे मानली तर नहपान पहिल्या शतकाच्या मध्याकडे सरकतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवृत्तातील ‘मम्बनोस’ हा राजा म्हणजे नहपानच, असे मानणारे विद्वान हा दुसरा पक्ष घेतात. अलीकडील नाणकशास्त्रज्ञांचा कल याच बाजूस अधिक दिसतो आणि तो सयुक्तिकही वाटतो.

या वादात जैन वाङ्मयाची साक्षही दुर्लक्षण्याजोगी नाही. ‘तिलोयपण्णत्ती’त नरवाहन राजाची ४० वर्षे सांगितली आहेत. हा नरवाहन म्हणजे नहपान, असे सामान्यतः समजतात. शिलालेखांतील ४६ हा आकडा त्याच्या जवळचा आहे. म्हणून राज्यवर्षांच्या पक्षाला त्याचा थोडा आधार मिळतो, निर्णायक पुरावा मात्र नाही. आवश्यकनिर्युक्तीच्या परंपरेत भरुकच्छच्या नहवाहनाची कथा येते. तो कोशाने समृद्ध, तर प्रतिष्ठानचा सालवाहन सैन्याने. वेढा निष्फळ ठरल्यावर सालवाहनाचा अमात्य बडतर्फीचे सोंग घेऊन भरुकच्छास गेला, नहवाहनाचा विश्वास त्याने संपादन केला आणि त्याचा कोश धर्मकार्यात खर्च करविला. तिजोरी रिकामी होताच नगर पडले. कथेतील तपशील इतिहास म्हणून जसाच्या तसा घेता येत नाही. पण नहवाहनाचे धन सालवाहनाच्या हाती गेल्याची आठवण तिच्यात टिकून राहिली, आणि जोगलटेंभीच्या नाण्यांवरही एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचा चैत्य उमटलेला आहे.